फॉल म्हणजे शरद का? इंग्रजी ऋतूंची नावं मराठीत आणताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही एका कथासंग्रहाचं भाषांतर करताय आणि त्यात अमेरिका, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा तीन देशांतल्या इंग्रजी कथा आहेत. तीन वाक्यांपाशी काम अडलंय. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यातल्या कथेत 'ही लेफ्ट इन द फॉल अँड केम बॅक इन मड सीझन'. आयर्लंडच्या खेड्यातल्या कथेत 'इट वॉज द फर्स्ट डे ऑफ स्प्रिंग, अँड द लेन वॉज व्हाइट विथ फ्रॉस्ट'. आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधल्या कथेत बायको नवऱ्याला म्हणते, 'वुई विल फिक्स द रूफ इन द ड्राय'. संपादकांचं म्हणणं असं की फॉल आणि ऑटमला 'शरद', स्प्रिंगला 'वसंत', समरला 'उन्हाळा' अशी यादी एकदाच करा आणि पुस्तकभर तीच चालवा. तुम्हाला ते पटत नाही, पण का पटत नाही ते संपादकांना समजावता येत नाहीये.

तुमची शंका रास्त आहे. मराठीत शब्दांची कमतरता नाही. तीन ऋतू बोलण्यातले, सहा पंचांगातले, शिवाय सुगी, पानगळ, उघडीप असे कितीतरी. अडचण इंग्रजीच्या बाजूला आहे. इंग्रजीतलं ऋतूचं नाव एकटं असताना त्यातून महिना निघत नाही. ते कुठे उच्चारलं गेलं आणि तिथे ऋतू कोण मोजतंय, हे कळलं की महिना निघतो. महिना निघाला की तिथली हवा, झाडं, जमीन कळते, आणि मग मराठीत काय लिहायचं ते ठरवता येतं. म्हणून यादी शब्दांची न करता कथांची करा. प्रत्येक कथेसमोर गाव किंवा प्रांत, आणि त्यातल्या प्रत्येक ऋतूच्या नावासमोर महिने. अशी यादी दाखवली की बहुतेक संपादकांना मुद्दा लगेच पटतो.

आधी फॉल आणि ऑटम. अर्थ एक, प्रदेश वेगळे. अमेरिकेत आणि कॅनडात रोजच्या बोलण्यात फॉल. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे ऑटम. अमेरिकन माणसाला ऑटम परका मात्र नाही. कविता, जाहिरात, जरा सजवलेलं गद्य यांत तिथेही ऑटम येतो. त्यामुळे अमेरिकन कथेत निवेदक ऑटम म्हणत असेल आणि पात्रं फॉल म्हणत असतील, तर तो फरक लेखकाने जाणून ठेवलेला असू शकतो, आणि मराठीतही दोन पट्ट्या ठेवायला हव्यात. उलट बाजूने असं घडत नाही. इंग्लंडमधल्या आजच्या पात्राच्या तोंडी ऋतू म्हणून फॉल आला तर त्याला काही कारण हवं. तिथे हा शब्द उरलाय तो घड्याळाचे काटे कुठल्या ऋतूत पुढे आणि कुठल्या ऋतूत मागे करायचे हे लक्षात ठेवण्याच्या 'स्प्रिंग फॉरवर्ड, फॉल बॅक' या ओळीत.

तरीही दोन्ही शब्द इंग्लंडमधूनच निघालेले. जुन्या इंग्रजीत या ऋतूचं नाव हार्वेस्ट होतं, म्हणजे आपली सुगी. चौदाव्या शतकाच्या अखेरीला फ्रेंचमार्गे लॅटिनमधला ऑटम आला. सोळाव्या शतकात 'फॉल ऑफ द लीफ', पान गळण्याचा काळ, असा प्रयोग रुळला आणि आखडून फॉल झाला. त्याच्या जोडीचा 'स्प्रिंग ऑफ द लीफ', म्हणजे पान फुटण्याचा काळ. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत गेले ते ऑटम आणि फॉल हे दोन्ही शब्द बरोबर घेऊन. नंतर इंग्लंडने ऑटम ठेवला, अमेरिकेने फॉल. १९०६ साली इंग्लंडमधल्या फाउलर बंधूंनी इंग्रजीच्या वापरावरच्या पुस्तकात नोंदवलंय की गुण पाहिले तर फॉलच सरस, आखूड आणि अर्थ सांगणारा. पण आपण इंग्रजांनी त्यावरचा हक्क सोडून दिला आहे.

हा इतिहास तुमच्या कामाला येतो तो जुन्या मजकुरात. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या लेखनात फॉल दिसला तर त्यावरून लेखकाला अमेरिकन ठरवू नका. त्याहून जुन्या मजकुरात हार्वेस्ट दिसलं तर ती कापणी नसून अख्खा ऋतू असू शकतो. स्प्रिंगचं जुनं नाव होतं लेंट. ते आता ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांपुरतं उरलंय. आणि काही प्रादेशिक शब्द आजही जिवंत आहेत: स्कॉटलंडमध्ये हेअर्स्ट, उत्तर इंग्लंडमध्ये बॅक एंड. बॅक एंड म्हणजे वर्षाची मागची बाजू, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ओलसर, लवकर अंधारणारे दिवस. यॉर्कशरच्या शेतकऱ्याच्या तोंडी तो आला तर 'सुगी सरल्यावर' हा प्रयोग मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

आता शरद, आणि इथे थोडं थांबायला हवं. पंचांगात शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पाऊस ओसरलेला, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, कोजागरीचं चांदणं, मागोमाग दिवाळी. महिने फॉलशी बऱ्यापैकी जुळतात. चित्र मात्र जुळत नाही. आपल्या शरदात झाडं हिरवीगार असतात, डोंगर चार महिने पाणी पिऊन अजून ओले असतात, भात पिवळं होत असतं आणि दुपारच्या उन्हाचा चटका वाढलेला असतो. त्याला आपण सगळे ऑक्टोबर हीटच म्हणतो. पानं गळतात ती माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात. सागाची भलीमोठी पानं जानेवारी-फेब्रुवारीत वाळून खाली येतात, रानातून चालताना पायाखाली पापडासारखी मोडतात, आणि त्याच उघड्या पडलेल्या रानात पळस पेटल्यासारखा फुलतो. शिशिर आणि पानगळ ही जोडी मराठी वाचकाच्या मनात पक्की आहे.

म्हणजे फॉलला शरद म्हटलं तर महिना बरोबर आणि झाड चूक. शिशिर म्हटलं तर झाड बरोबर आणि महिना चूक. पानगळ हा शब्द मला जास्त उपयोगी पडतो, कारण त्यात महिन्याचं नाव गुंतलेलं नाही. शेजारी ऑक्टोबर लिहिला की तो तिथे नीट बसतो.

निवड करताना मी एकच गोष्ट पाहते: हे नाव त्या वाक्यात कशासाठी आलंय? फक्त 'कधी' एवढंच सांगत असेल, तर महिना लिहायचा, नाहीतर 'थंडी पडायच्या आधी', 'हिवाळ्याच्या तोंडावर'. रंग, पाचोळा, उघडी होत चाललेली झाडं यांसाठी आलं असेल तर पानगळ. निवळलेलं आकाश किंवा पिकलेलं शेत दाखवायचं असेल आणि भाषा वरच्या पट्टीतली असेल, तर शरद शोभतो. त्याबरोबर चांदणं आणि दिवाळी वाचकाच्या मनात येणार, हे धरून चालायचं. आणि बोलणारं पात्र अमेरिकेतलं मराठी माणूस असेल तर सरळ फॉल. न्यू जर्सीतलं मराठी घर 'या शनिवारी फॉल कलर्स बघायला जाऊ' असंच म्हणतं. त्यांच्या तोंडी 'पानगळीचे रंग' घातले की संवाद खोटा वाजतो.

समर आणि उन्हाळा यांचंही असंच आहे. लंडनमध्ये जुलैतल्या दुपारी सरासरी कमाल तापमान २३-२४ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे महाबळेश्वरला जाऊन शोधावी अशी ही हवा. 'समर हॉलिडेज'ला 'उन्हाळ्याची सुट्टी' म्हणायला हरकत नाही, पण मराठी वाचक एप्रिल-मे आणि आंबे डोळ्यांसमोर आणतो. इंग्लंडमधल्या शाळांना ती सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असते. पहिल्या उल्लेखात महिना घातला की पुढे उन्हाळा मोकळेपणी वापरता येतो. दुसरी गोष्ट भावनेची. उत्तरेकडच्या देशांत माणसं वर्षभर समरची वाट पाहतात. आपण वाट पाहतो ती पावसाची. त्यामुळे 'अॅट लास्ट इट वॉज समर' याचं 'अखेर उन्हाळा आला' केलं तर मराठीत ती तक्रार वाटते. 'अखेर ऊन पडायला लागलं' किंवा 'अखेर उबेचे दिवस आले' म्हटलं की मूळ सुस्कारा ऐकू येतो. वसंताच्या बाबतीत पंचांग आणि अनुभव यांची आपल्याकडेच फारकत आहे: चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, आणि तोंडात शब्द मात्र 'वैशाख वणवा'. स्प्रिंगला वसंत म्हणा, पण तिथल्या मार्चमधल्या बर्फाचं आणि चिखलाचं वर्णन कापू नका. तेच वाचकाला सांगेल की हा वसंत वेगळ्या मुलखातला आहे.

आता ऋतू कधी सुरू होतो ते, कारण तुमचं आयरिश वाक्य त्यावरच उभं आहे. एक मोजणी खगोलाची: २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात तिथून स्प्रिंग, २१ जूनच्या आसपासच्या सर्वांत मोठ्या दिवसापासून समर, मग २२-२३ सप्टेंबर आणि २१-२२ डिसेंबर. अमेरिकेत दिनदर्शिकेवर 'स्प्रिंगचा पहिला दिवस' छापलेला असतो तो हा. दुसरी हवामानखात्यांची: महिन्याच्या एक तारखेपासून तीन-तीन महिने, १ मार्च, १ जून, १ सप्टेंबर, १ डिसेंबर. ब्रिटनमध्ये या दोन्ही शेजारी-शेजारी चालतात. तिसरी आयर्लंडची जुनी. तिथे १ फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या दिवशी, स्प्रिंग लागतो. १ मेपासून समर, १ ऑगस्टपासून ऑटम, १ नोव्हेंबरपासून विंटर. आयरिश भाषेत सप्टेंबरच्या नावाचा अर्थच 'सुगीचा मध्य' आणि ऑक्टोबरचा 'सुगीचा शेवट'. ऑटम आणि सुगी यांना तिथे शब्द एकच. या हिशोबात समर आणि विंटरचा मध्य सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास येतो. इंग्लंडमध्येही त्याची खूण उरली आहे: २४ जूनला मिडसमर डे, म्हणजे समरचा मध्य, आणि खगोलाच्या मोजणीत समर सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झालेले. जुन्या मजकुरात मिडसमर आला की 'ऐन उन्हाळा' असं भाषांतर होतं आणि मराठी वाचक मे महिन्यात जातो. तिथे २४ जून किंवा नुसता जून लिहावा.

चौथी मोजणी सुट्ट्यांची. अमेरिकेत मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. यांच्यामधला काळ म्हणजे लोकांच्या लेखी समर, सूर्य काहीही म्हणो. 'आफ्टर लेबर डे, व्हेन समर वॉज ओव्हर' हे वाक्य त्यामुळे तिथे अगदी बरोबर असतं, जरी दिनदर्शिकेवर फॉल लागायला आणखी दोन-तीन आठवडे असले तरी.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये महिने उलटे, हे सर्वांना माहीत असतं. चुका होतात त्या पुढच्या पायरीवर. तिथे ऋतू एक तारखेला बदलतात: १ सप्टेंबर स्प्रिंग, १ डिसेंबर समर, १ मार्च ऑटम, १ जून विंटर. १ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियात वॉटल डे असतो. वॉटल म्हणजे आपल्या बाभळीच्या गोतातली पिवळ्या गोंड्यांची झाडं, आणि त्यांचं फुलणं ही तिथली स्प्रिंगची खूण. ऑटमला मात्र तिथे पानगळ म्हणू नका. तिथली मूळ झाडं जवळजवळ सगळी सदाहरित. पानं लाल-पिवळी होऊन पडतात ती युरोपातून नेऊन लावलेल्या झाडांची, शहरांत आणि बागांत. अपवाद टास्मानियाच्या डोंगरातल्या फेगस नावाच्या खुरट्या झाडाचा. एप्रिलच्या शेवटी त्याची पानं रंग बदलतात आणि लोक मुद्दाम पाहायला जातात. एरवी ऑस्ट्रेलियन ऑटमचं भाषांतर 'मार्च-एप्रिलचे निवलेले दिवस' असं साधंच बरं.

डार्विनला तर चार ऋतूंची ही चौकटच लागत नाही. तिथे दोन शब्द: द वेट आणि द ड्राय. नोव्हेंबर ते एप्रिल वेट, मे ते ऑक्टोबर ड्राय. वर्षाचा साधारण १,७०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा वेटमध्ये पडतो; ही हवा आपल्याला परकी नाही. ऑक्टोबरपासून पाऊस यायच्या आधीचे जे दिवस असतात त्यांना बिल्ड-अप म्हणतात: दमट, कुंद, ढग रोज चढतात आणि न पडता परततात, माणसांची डोकी तापतात. कोकणातल्या माणसाला मेचा शेवटचा आठवडा आठवला की बिल्ड-अप कळला. वेट संपताना, एप्रिलमध्ये, शेवटची वादळं येतात, त्यांचं इंग्रजी नाव 'नॉक-एम-डाउन'. पावसाळाभर तिथलं स्पिअर ग्रास डोक्याहून उंच वाढलेलं असतं, दोन मीटरच्या वर. ही वादळं ते अख्खं गवत एका दिशेने आडवं पाडतात. आदल्या दिवशी ज्या वाटेवर पुढचा माणूस दिसत नव्हता ती दुसऱ्या दिवशी मोकळी पडलेली असते. काकाडू भागातल्या मूळ रहिवाशांच्या सहा ऋतूंच्या हिशोबात या वादळांचा वेगळा ऋतूच आहे. इथे शब्दशः काही करू नका. 'गवत लोळवणारी वळवाची वादळं' असं मनात येईल, पण वळीव आपल्याकडे पावसाळ्याच्या आधीचा; हा नंतरचा. 'परतीची वादळं' म्हटलं की मराठी कान बरोबर जागी जातो.

अमेरिकेत मोठ्या चार ऋतूंच्या सांध्यांत बसलेले छोटे ऋतू पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावं त्या-त्या भागापुरतीच कळतात. तुमचा मड सीझन व्हर्मॉन्ट, न्यू हॅम्पशर, मेन इथला, मार्च-एप्रिलमधला. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. वरचा थर वितळतो तेव्हा खालचा अजून घट्ट असतो, त्यामुळे पाणी मुरायला जागा नसते आणि कच्च्या रस्त्यांचा लगदा होतो. व्हर्मॉन्टमधले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे, म्हणून गाडी अॅक्सलपर्यंत रुतणं हे तिथलं नेहमीचं. दक्षिणेकडच्या राज्यांत आणि अॅपलेशियन डोंगरांत ब्लॅकबेरी विंटर, डॉगवूड विंटर: ते झाड फुलत असताना वसंतात परत आलेली चार दिवसांची थंडी. विंटर शब्द पाहून त्याचा हिवाळा करू नका. अलास्कात ब्रेकअप म्हणजे नदीवरचा बर्फ फुटण्याचा काळ, एप्रिलअखेर ते मेचा मध्य. नेनाना गावात १९१७ पासून त्यावर पैजा लागतात: टानाना नदीच्या बर्फावर लाकडी तिकाटणं उभं करतात, त्याची तार काठावरच्या घड्याळाला बांधलेली असते, बर्फ हलून तार ताणली की घड्याळ थांबतं आणि तोच क्षण निकाल. हा संदर्भ माहीत नसला तर 'दे मेट अॅट ब्रेकअप' या वाक्यात भाषांतरकार कुणाचा तरी संसार मोडून बसतो.

पावसाच्या नावांबद्दल थोडक्यात. मॉन्सून हा शब्द अरबीतून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला, आपला मोसम त्याच मुळाचा. पण अॅरिझोनातही मॉन्सून आहे: तिथल्या हवामान विभागाने २००८ पासून तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा ठरवून टाकलाय. त्याआधी हवेतल्या दमटपणाच्या मोजमापावरून तो रोज पाहून ठरत असे. फीनिक्समध्ये वर्षभराचा मिळून पाऊस सुमारे १८० मिलिमीटर, म्हणजे मुंबईत जुलैच्या एका दिवसात पडू शकतो एवढा. त्यामुळे त्याला 'पावसाळा' म्हटलं तर वाचकाची दिशाभूल होते. 'मॉन्सूनची वादळं' ठेवावं. केनियातल्या इंग्रजीत मार्च ते मे 'लाँग रेन्स' आणि ऑक्टोबर ते डिसेंबर 'शॉर्ट रेन्स'. मोठा पाऊस आणि लहान पाऊस असं छान जमतं. नायजेरियात नोव्हेंबरपासून सहाराची धूळ घेऊन येणारा हरमाटन वारा आणि दक्षिण भागात पावसाच्या मध्यावर पडणारा 'ऑगस्ट ब्रेक'. आपला 'उघडीप' शब्द खऱ्या अर्थाने बसतो तो या ऑगस्ट ब्रेकला, फक्त ती काही आठवड्यांची असते. केपटाउनचा विंटर म्हणजे जून ते ऑगस्टचा पाऊस. तिथल्या कथेत 'हिवाळ्यात छप्पर गळत होतं' हे वाक्य चुकलेलं नाही.

आपल्याकडच्या इंग्रजीतही एक सापळा आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत कोल्ड वेदर, हॉट वेदर आणि द रेन्स असे तीन ऋतू येतात, आणि ते आपल्या हिवाळा, उन्हाळा, पावसाळ्याशी नीट जुळतात. हॉट वेदरमध्ये मुंबई सरकार महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला असे, म्हणून 'पूना सीझन' म्हणजे पावसाळी महिने. गोव्यात आज 'सीझन' म्हणजे नेमका उलटा, पाऊस संपल्यापासून मार्चपर्यंतचा पर्यटकांचा काळ. आणि भारतीय हवामान खात्याच्या हिशोबात विंटर म्हणजे फक्त जानेवारी-फेब्रुवारी. डिसेंबर हा मॉन्सूनोत्तर काळात मोजला जातो. डिसेंबरातल्या पावसाची बातमी लिहिताना खात्याच्या आकड्यांना 'हिवाळ्यातला पाऊस' म्हणू नका, आकडे जुळणार नाहीत.

'इंडियन समर'चा आपल्याशी काही संबंध नाही, तरी मराठीत 'भारतीय उन्हाळा' छापलेला दिसतो म्हणून सांगते. हा शब्द अमेरिकेतला, १७७८ च्या लेखनात सापडतो, आणि त्यातले इंडियन म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडून गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत येणारे काही उबदार, धुरकट दिवस, एवढा त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये तो सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या कुठल्याही उबदार आठवड्याला लावतात. 'थंडी लागल्यावर परतलेलं ऊन' असं काहीतरी करा. ऑक्टोबर हीट हा प्रतिशब्द सोयीचा वाटेल, पण आपला चटका नकोसा असतो आणि तिथली ऊब हवीहवीशी.

विद्यापीठांच्या सत्रांची नावं मात्र भाषांतरित करूच नका. अमेरिकेतलं फॉल सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतं, भर उकाड्यात. स्प्रिंग सत्र जानेवारीत, बर्फात. आपले विद्यार्थीही 'फॉलला अॅडमिशन मिळाली' असंच म्हणतात, तेच लिहा. इंग्लंडच्या शाळांत ऑटम टर्म सप्टेंबरपासून, स्प्रिंग टर्म जानेवारीपासून, समर टर्म ईस्टरनंतर. ऑस्ट्रेलियात काही विद्यापीठांचं ऑटम सत्र फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं. कंपन्यांच्या 'कमिंग धिस फॉल'चंही असंच: खगोलाच्या मोजणीने फॉल २१ डिसेंबरपर्यंत पुरतो, त्यामुळे त्याचं 'सप्टेंबरमध्ये' करून टाकणं धोक्याचं. 'वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत' एवढंच खात्रीने म्हणता येतं.

एवढं झाल्यावर तुमची तीन वाक्यं.

व्हर्मॉन्टचं: 'पानं गळायला लागली तेव्हा तो निघून गेला, आणि परतला तो बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला तेव्हा.' इथे 'बर्फ वितळून' हे दोन शब्द मी जोडले आहेत आणि ते लागतातच, कारण नुसता चिखल म्हटला की मराठी वाचक जुलैत पोचतो. महिने लिहिले नाहीत, कारण मूळ वाक्य दोन ऋतूंना जमिनीवरून ओळखतंय.

आयर्लंडचं: आधी कथेत खूण शोधा. लव्हाळ्याचा विणलेला क्रूस घरात लावल्याचा उल्लेख असेल, तर तो सेंट ब्रिजिडचा दिवस, १ फेब्रुवारी. मग दहिवरात आश्चर्य काहीच नाही. अमेरिकन वाचकाला या वाक्यात विरोध जाणवेल, आयरिश वाचकाला जाणवणार नाही, आणि कथा आयरिश आहे. 'फेब्रुवारीची पहिली तारीख, त्यांच्या हिशोबाने वसंताचा पहिला दिवस. गाडीवाट गोठलेल्या दवाने पांढरी झाली होती.' 'त्यांच्या हिशोबाने' खटकत असेल तर ते गाळा, तारीख मात्र ठेवा. 'पण' किंवा 'तरीही' घालू नका. मूळ लेखकाने घातलेलं नाही.

डार्विनचं: 'कोरड्या ऋतूत' हे भूगोलाच्या पुस्तकातलं होतं, कुणी बायको असं बोलत नाही. 'उघडीप' चालणार नाही, ती चार दिवसांची आणि हे सहा महिने. 'छप्पर शाकारू' हा शब्द जिभेवर येईल, पण शाकारणी पावसाच्या आधी होते आणि तिच्याबरोबर कौलं येतात. डार्विनच्या घरांवर पत्रा असतो, आणि ती बोलतेय पाऊस संपल्यानंतरचं. 'पाऊस सरला की पत्रे नीट करून घेऊ.'